गोधडीकडे बघायचं कसं?



आजचा विषय ‘गोधडी’ असल्याचं कळल्यावर एकदोघांनी विचारलं की सौंदर्यशास्त्र शिकवलेल्या माणसाला गोधडीवर तासभर बोलण्यासारखं काय सापडणार? त्यांच्या या प्रश्नातच आजच्या व्याख्यानाचं कारण आहे. चित्रावर तासभर बोलता येतं, ख्यालावर येतं, कवितेवर तर तीन-तीन तास बोललेलं आपण सोसलेलं आहे. गोधडीचं नाव निघालं की मात्र आपल्याकडे एकच वाक्य तयार असतं: आईच्या मायेची ऊब. ते म्हटलं की डोळे जरा ओलावतात, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. मला आज तो तिथं संपू द्यायचा नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. माया खरी असेल, ऊब तर खरीच आहे. पण ज्या वस्तूबद्दल आपण फक्त मायेची भाषा बोलतो, तिच्याकडे आपण नीट बघत नाही. प्रत्येक आईची माया सारखीच थोर, म्हणून प्रत्येक गोधडीही सारखीच थोर ठरते. आता जिथं सगळंच सारखं थोर, तिथं डावं-उजवं करता येत नाही. डावं-उजवं करता येत नसेल तर समीक्षा संपली. आणि समीक्षा संपली की करणारीच्या नजरेला, हिशेबाला, निर्णयाला कुणी विचारत नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईला आपण हृदय भरभरून दिलं आणि बुद्धी काढून घेतली, अशी माझी तक्रार आहे.

तेव्हा आधी वस्तू बघू. इथं बसलेल्या बायकांना सांगायला नको, पण पडद्यावरून ऐकणाऱ्या तरुण मंडळींसाठी सांगतो. खाली आणि वर जुनं लुगडं. नऊवारी असेल तर उत्तम, कारण कापड भरपूर आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं. मध्ये घरात जे जे विरलं ते सगळं: धोतर, सदरा, पोलकं, पोरांचे कपडे, कधी आधीची फाटकी गोधडीच. हे जमिनीवर पसरायचं, तळहातानं सळ काढत जायचं, कडा टाचायच्या आणि मग धावदोरा घालत कडेकडून आत आत सरकायचं. वर कुठं कापड कमी पडलं, तर ठिगळांची जोड द्यायची. कुणी हिला वाकळ म्हणतं, तान्ह्या बाळापुरती केली तर ते दुपटं.

आता यात निर्णय किती आहेत ते मोजा. कुठल्या कापडात अजून जीव आहे आणि कुठलं वर्षभरात विरणार? धोतराची घडी एका जागी जाड बसली तर तिथं सुई जात नाही. दुसरीकडे थर पातळ राहिला तर माघात बरोबर तिथूनच गारवा लागतो. टाके फार जवळ घातले तर गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते, अंगाला लपेटत नाही. फार लांब घातले तर दोन धुण्यांत आतल्या चिंध्या सरकतात आणि गोळे होतात. दोरा ओढून घेतला तर चुण्या पडतात, सैल सोडला तर रात्री पायाच्या बोटात अडकतो. नायलॉनची साडी दिसते झकपक, पण सुताच्या शेजारी ती घसरते आणि घाम टिपत नाही. आणि सगळ्यात अवघड गोष्ट ही की कडेकडून आत येताना कापड थोडं थोडं पुढे ढकललं जातं. हे आधी ओळखून हात चालला नाही तर शेवटी मधोमध फुगा येतो, आणि तो काही केल्या जात नाही. म्हणजे पहिला टाका घालताना शेवटच्या टाक्याचं भान ठेवावं लागतं. याला मी तरी बुद्धीचं काम म्हणतो.

मग ही बुद्धी पारखणारं कुणी नव्हतं का? होतं. आपल्या या कर्जत-खालापूर भागात चार महिने पाऊस कोसळतो. घरात ओल, कपड्यांना कुबट वास. पाऊस ओसरला, नवरात्र जवळ आलं की घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर जायची. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज बारमाही वाहते, खोपोलीच्या केंद्राच्या पाण्यामुळे पाताळगंगा. तिथं गोधड्या पायांनी तुडवून धुवायच्या, दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या आणि खडकांवर वाळत घालायच्या. माझ्या मते हे गावाचं वर्षातून एकदा भरणारं प्रदर्शन होतं. घरात जी वस्तू घडी घालून उतरंडीशेजारी पडलेली असते, ती इथं पूर्ण उलगडून, भर उन्हात, दहा घरांच्या गोधड्यांच्या शेजारी पडते. आणि मग ‘ही कुणाची गं?’ म्हणून कुणीतरी कोपरा उलटतं. लक्षात घ्या, उलटतं. कारण टाका खरा कळतो तो मागच्या बाजूनं. कुणाचा हात सारखा, कुणाची ओळ भरकटलेली, कुणी घाईत उरकलेलं, हे तिथं बोललं जायचं, आणि सगळंच काही गोड नसायचं. समीक्षा तिथं होती. फक्त ती लिहिली गेली नाही, आणि लिहिणाऱ्यांनी ती कधी ऐकली नाही.

आता आमच्या लोकांकडे, म्हणजे तत्त्वज्ञांकडे वळतो. १७९० च्या आपल्या ग्रंथात कांट कला आणि कारागिरी वेगळी काढतो. कला मुक्त असते, स्वतःतच सुखावणारी, खेळासारखी. कारागिरी हे श्रमाचं काम. ते स्वतःत कष्टाचं असतं आणि मजुरीसाठी केलं जातं. या दोन खणांत गोधडी टाकून बघा. तिला मजुरी नाही, म्हणून ती कांटच्या अर्थानं कारागिरी नाही. पण ती खेळही नाही. थंडी वाजते म्हणून ती शिवावी लागते. घरात बाई जे करते ते ना मजुरीचं, ना मोकळेपणाचं, आणि कांटच्या वर्गवारीत त्याला खणच नाही. कॉलिंगवूडनं १९३८ मध्ये दुसरी कसोटी दिली: कारागिराला आपण काय करणार हे आधी माहीत असतं, आधी आराखडा, मग अंमल, कलावंताला ते करता करता कळत जातं. आता बोला. गोधडीत कुठला तुकडा येणार, हे त्या वर्षी घरात काय फाटलं त्यावर ठरतं. आकार ठरलेला, पण रंगांची मांडणी हातात कापड येईल तशी. या कसोटीवर गोधडी निम्मी इकडे, निम्मी तिकडे.

आपल्याकडे मर्ढेकरांनी सौंदर्याची व्याख्या संवेदनांच्या लयबद्ध रचनेत शोधली. संवाद, विरोध आणि समतोल या त्यांच्या तीन तत्त्वांनी गोधडीचा पृष्ठभाग छान वाचता येतो. विटक्या निळ्या पट्ट्याशेजारी एकच लाल पोलक्याचा तुकडा, आणि त्याला तोलायला पार विरुद्ध कोपऱ्यात जांभळा काठ, हे योगायोगानं होत नाही. पण अडचण अशी की मर्ढेकरांची रचना पूर्ण झालेली असते, गोधडीची होत नाही. प्रत्येक धुण्यात रंग वेगवेगळ्या वेगानं उतरतात, त्यामुळे पाच वर्षांनी तोलही बदललेला असतो. वर नवं ठिगळ बसतं. शेवटी अख्खी गोधडी दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. अशी रचना काळात पसरलेली असते. तिला एका नजरेत पकडणारं सौंदर्यशास्त्र थोडं तोकडं पडतं.

मला इथं रा. भा. पाटणकरांचा जास्त उपयोग होतो. १९७४ च्या ‘सौंदर्यमीमांसे’त त्यांनी कलाविचाराचे दोन ध्रुव दाखवले, एक अलौकिकतावादी, दुसरा लौकिकतावादी. एका टोकाला कला जगण्यापासून तोडून बघायची, दुसऱ्या टोकाला जगण्याच्या धाग्यांत ठेवून. माझं म्हणणं असं की गोधडीच्या बाबतीत आपण दोन्ही टोकं चुकीच्या पद्धतीनं धरतो. घरात असली की फक्त उपयोग आणि माया बघतो. भिंतीवर टांगली की फक्त रंग आणि आकार. खरं म्हणजे पांघरल्याशिवाय गोधडी पूर्ण बघून होत नाही. तिचं वजन, अंगावर पडण्याची पद्धत, बोटांना लागणारी टाक्यांची ओळ, हे तिच्या रूपाचेच भाग आहेत. उपयोग हा इथं सौंदर्याचा शत्रू नाही, तो बघण्याचा एक मार्ग आहे.

भिंतीवर टांगण्याचा इतिहास मोठा मजेशीर आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकन गोधड्या, तिकडे त्यांना क्विल्ट म्हणतात, अमूर्त चित्रांसारख्या भिंतींवर लावल्या गेल्या. लोक थक्क झाले. पण दोनच वर्षांत, १९७३ मध्ये, पॅट्रिशिया मैनार्डी या कला-इतिहासकार बाईंनी खडा सवाल केला: आधुनिक चित्रकारांसारख्या दिसतात म्हणून तुम्ही यांना कला म्हणता, मग ज्यांनी त्या आधी केल्या त्यांची स्वतःची परंपरा, त्यांची नावं, त्यांचे निकष कुठं गेले? पुढे २००२ मध्ये अलाबामातल्या जीज बेंड या नदीच्या वळणावरच्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या ह्यूस्टनला आणि मग व्हिटनीत आल्या. शेतात घालून विटलेल्या जीनच्या कपड्यांपासून केलेल्या. या वेळी अ‍ॅनी मे यंग, लोरेटा पेटवे, मेरी ली बेंडोल्फ अशी नावं गोधडीखाली होती. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये हक्क आणि पैसा यांवरून त्यांच्यापैकी काहींनी कोर्टात दावे लावले. ते पुढच्या वर्षी मिटले. म्हणजे बघा, नाव आलं की हक्क येतो, हक्क आला की हिशेब येतो. मायेच्या भाषेत हा हिशेब कधीच आला नसता.

बंगालचं उदाहरण तर घरचंच आहे. तिकडच्या कांथेवर जसीमउद्दीन यांचं कथाकाव्य १९२९ चं. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्यानं गावोगाव फिरून कांथा जमवल्या, आज त्यांच्या नावाचं संग्रहालय कोलकात्याजवळ जोका इथं आहे. स्टेला क्रामरिश यांच्यासारख्या कला-इतिहासकार विदुषीनं १९३९ मध्ये कांथेवर स्वतंत्र लेख लिहिला. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांचं छायाचित्रांचं पुस्तक केलं, ते इंग्रजीत. मराठीत गोधडीवर आठवणी पुष्कळ, टीका फार थोडी. कांथेवर चित्रं भरलेली असतात, पक्षी, कमळ, रथ, त्यामुळे ती ‘वाचता’ येते. आपली गोधडी अबोल आहे. तिच्यात नुसती कापडं आणि टाके. पण अबोल वस्तू वाचायला शिकणं हेच तर समीक्षेचं काम.

चिंधीला आपल्याकडे मान नव्हता असं मात्र नाही. कर्जत तालुक्यात कोंडाण्याची लेणी आहेत, तिथं राहणारे भिक्षू तुकडे जोडलेलं चीवर नेसत. विनयपिटकात कथा आहे की बुद्धानं मगधाची बांध घातलेली भातशेतं आनंदाला दाखवली आणि तसं चीवर शिवता येईल का, असं विचारलं. भिवपुरी सोडून गाडी कर्जतकडे निघाली की पावसाळ्यात खिडकीतून बघा, ती कथा समोर दिसते. खाचर कधीच चौकोनी नसतं. जमिनीचा उतार जसा, तसा बांध वळतो. गोधडीतली ओळही तशीच वळते, आतल्या कापडाच्या उंच-सखलपणावरून. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. नगर जिल्ह्यातल्या कर्जतचं, म्हणजे आपल्या नव्हे, ग्रामदैवत गोदड महाराज. पुरुषानं चिंध्या पांघरल्या तर ते वैराग्य झालं आणि त्याला नाव मिळालं. बाईनं त्याच चिंध्या जोडल्या तर ती काटकसर झाली, आणि नाव कुणी विचारलंच नाही.

आता घरातल्या जागेकडे येतो, कारण कुठलीही निर्मिती कुठंतरी बसून होते. व्हर्जिनिया वुल्फनं १९२९ मध्ये बाईला लिहायचं तर स्वतःची खोली हवी असं सांगितलं. इथल्या बाईला खोली मिळाली नाही. तिच्याकडे दुपार होती. जेवणं उरकलेली, पुरुष बाहेर, उन्हाळ्यात शेतं मोकळी, आणि ओटीवर नाहीतर पडवीत पाच-सहा फुटांची जमीन. चार वाजता सगळं गुंडाळून ठेवायचं, कारण तीच जागा संध्याकाळी दुसऱ्या कामाची. म्हणजे तिची कार्यशाळा रोज मांडली आणि रोज मोडली जायची. सुई, दोरा, कात्री पिशवीत, पिशवी खुंटीला. गोधडीची रचना कडेकडून सुरू होते आणि कधीही थांबवता येते, याचा या मोडत्या जागेशी संबंध आहे असं मला वाटतं. रोज थांबावं लागणाऱ्या माणसानं रोज थांबता येईल असा कलाप्रकार घडवला.

आज ती पडवी राहिली नाही. नेरळपासून खोपोलीपर्यंत इमारती झाल्या, एका खोलीची, दोन खोल्यांची घरं. ओटी नाही, नदीवर कुणी जात नाही, ओली गोधडी वाळवायला बाल्कनीची दोरी पुरत नाही, धुलाईयंत्रात ती फिरत नाही. बाजारात सोलापुरी चादर आहे, गुबगुबीत ब्लँकेटं आहेत. गरज संपली. आणि गरज संपल्यावर उरला तो छंद.

‘छंद’ हा शब्द आपल्याकडे गंमतीचा आहे. कवितेचं वृत्त म्हणजेही छंद आणि रिकाम्या वेळचा नाद म्हणजेही छंद. एकात शिस्त, दुसऱ्यात मोकळीक. निवृत्तीनंतर किंवा मुलं मोठी झाल्यावर कापडाचा छंद घेणाऱ्या कितीतरी बायका आज आपल्या भागात आहेत. जिथं दुसरी खोली आहे तिथं एका भिंतीशी शिलाई मशीन, फळीवर रंगांप्रमाणे लावलेली कापडं, आखायला पट्टी, कापायला फिरतं पातं. कांटला हवा तो मोकळेपणा इतिहासात पहिल्यांदा या बाईला मिळाला आहे. थंडीसाठी नाही, मजुरीसाठी नाही, करावंसं वाटतं म्हणून करायचं. याला ‘विरंगुळा’ म्हणून बाजूला सारणं हा मायेच्या भाषेचाच दुसरा अवतार आहे. ‘छान आहे हो, वेळ चांगला जातो’ असं आपण म्हणतो, तेव्हाही आपण बघत नसतो.

पण मी समीक्षेची मागणी केली आहे, तेव्हा या नव्या कामालाही ती लावली पाहिजे. त्यातल्या बऱ्याच कामात मला एक पेच दिसतो. नवं कोरं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि मग ते जोडायचे. जुन्या गोधडीत तुकडा आधी तुटलेला असायचा, जोडणं हे उत्तर होतं. इथं उत्तरासाठी प्रश्न तयार केला जातो. हा दोष आहे असं मी लगेच म्हणणार नाही. वृत्तात लिहिणारा कवीही स्वतःहून अडचण ओढवून घेतो. पण मग त्या अडचणीतून काही निघालं पाहिजे. आराखडा तयार मिळाला, रंगांची जुळणी तयार मिळाली, कोपरे मशीननं अचूक मिटले, तर त्यात करणारीनं काय ठरवलं? काही कामांत दिसतं की एका ठिकाणी तिनं आराखडा मोडला आहे, कारण हाताशी असलेला तुकडा काही वेगळं सुचवत होता. मला ते काम जास्त आवडतं, त्याचा कोपरा जरा वाकडा असला तरी. आणि जुन्या हातशिलाईच्या गोधड्यांतही कंटाळवाण्या, उरकलेल्या, रंगाकडे लक्षच नसलेल्या गोधड्या ढीगभर होत्या, हेही मान्य करायला हवं. हातानं केलेलं ते सगळं सुंदर, ही पण एक आळशी समजूतच.

पुष्कळ जण विचारतील की या पारखण्यानं मिळवायचं काय? बायका आनंदानं करतायत, करू द्या, त्यात चिकित्सा कशाला? याला माझं उत्तर असं की चिकित्सा नसलेली गोष्ट शिकवता येत नाही. हा टाका का चांगला आणि तो का नाही, हे ज्या दिवशी कुणी सांगेनासं होतं, त्या दिवसापासून पुढच्या पिढीच्या हातात फक्त आठवण जाते, विद्या जात नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका आपल्या गोधडीच्या चार कोपऱ्यांवर तुकड्यांची ‘फुलं’ लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. ‘पुरी झाली’ आणि ‘अपुरी राहिली’ यांतला फरक त्यांच्या समाजाला सांगता येतो. आपल्याला आपल्या गोधडीबद्दल आज तो सांगता येतो का?

शेवटी एक काम सुचवतो, व्याख्यान ऐकून लगेच करता येईल असं. या नवरात्राआधी घरातली प्रत्येक गोधडी माळ्यावरून, पलंगाच्या पेटीतून बाहेर काढा. दिवसा उजेडी जमिनीवर पूर्ण उलगडा. आधी सुलट बघा, मग उलटी करून बघा. लांबी, रुंदी, आतली कापडं, टाक्यांची दिशा एका वहीत उतरवा, दोन्ही बाजूंचा फोटो घ्या. जिनं शिवली तिचं नाव, माहेर आणि साधारण वर्ष लिहा. जमलं तर एका कोपऱ्यात दोऱ्यानं नाव घाला. मग ती घडी करून पुन्हा वापरात घ्या, कपाटात बंद करू नका.

आणि शिवणारी हयात असेल तर तिच्याशेजारी बसून तिला दोन प्रश्न विचारा. यातली तुझी सगळ्यात चांगली कुठली, आणि फसलेली कुठली? पहिल्या प्रश्नाला ती हसेल, म्हणेल सगळ्याच सारख्या. दुसऱ्या प्रश्नाला मात्र बघा, ती हात पुढे करेल, एखादा कोपरा उलटेल, आणि बोलायला लागेल. ते लिहून घ्या. मराठीतली गोधडीची समीक्षा तिथून सुरू होईल.